दिवस जाण्याआधीची गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडवर राहणाऱ्या २७ वर्षांच्या एका बाईंना गेल्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले. १९ व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचा पाठीचा कणा कमरेजवळ उघडा असल्याचं आणि डोक्यात पाणी साठत असल्याचं दिसलं. नवरा-बायकोने विचार करून गर्भपाताचा निर्णय घेतला. आता पुन्हा चान्स घ्यायचा आहे. त्या लिहितात, “टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी फॉलिक ॲसिड सुरू केलं होतं, एक दिवस चुकवला नाही. तरी असं का झालं? सासूबाई म्हणतात, तिसऱ्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा मी भाजी चिरली. पुन्हा असं होईल का? आणि धाकट्या बहिणीचं मे महिन्यात लग्न आहे, तिनेही काही घ्यायला हवं का?”

आधी ग्रहणाचं उरकून टाकते. ते मनात खुपत असेपर्यंत बाकीचं काही आत शिरत नाही, हे पुण्यात २७ वर्षं बाळंतपणं करून मला कळलंय. तुमच्या बाळाच्या पाठीतली जी नळी मिटायला हवी होती, तिची मिटण्याची मुदत शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यातच संपते. तुमचं ग्रहण तिसऱ्या महिन्यातलं. म्हणजे ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन कित्येक आठवडे लोटले होते. सावलीने आणि सुरीने तसंही काही होत नाही, पण ज्यांना ते पटत नाही त्यांच्यापुढे तारखा मांडाव्यात. तारखांशी कुणी भांडत नाही.

तोच हिशोब तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही लागू आहे, म्हणून जरा सावकाश मांडते. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय डोळ्यांपुढे आणा. समजा पाळी महिन्याच्या १ तारखेला आली आणि तुम्ही त्यावर पेनाने गोल केला. साधारण १४-१५ तारखेला बीज सुटलं आणि गर्भ राहिला. २९ ला पुढची पाळी यायला हवी होती, आली नाही. पहिले चार दिवस “दगदग झाली, पुढे गेली असेल” यात जातात. मग पुढच्या महिन्याच्या ३-४ तारखेला मेडिकलमधून किट येतं, सकाळी सहा वाजता बाथरूममध्ये दोन रेघा दिसतात, आणि शहाणी मुलगी त्याच दिवशी गोळी सुरू करते. तुम्ही तेच केलंत. आता पोटात काय चाललंय ते बघा. ६-७ तारखेच्या सुमारास नळी मिटायला सुरुवात होते आणि १२-१३ तारखेपर्यंत ती वरपासून खालपर्यंत मिटलेली असते, किंवा राहून गेलेली असते. तुमच्या गोळीला मिळाले जेमतेम आठ-दहा दिवस. रोजच्या गोळीने रक्तातलं फोलेट (फॉलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप) पुरेशा पातळीवर चढायला मात्र दोन-तीन महिने लागतात. तुमची गोळी वेळेवर होती, पण आपण ज्याला वेळेवर म्हणतो ती वेळच मुळात उशिराची आहे. पहिल्या व्हिजिटला आम्ही डॉक्टर गोळी लिहून देतो तेव्हा तर बहुतेकींचा सातवा-आठवा आठवडा चालू असतो, कारण फोनवर आम्हीच सांगितलेलं असतं, “ठोके दिसतील तेव्हा या.” त्यात आपल्याकडे पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही. नातेवाइकांना नका सांगू, माझी हरकत नाही, पण काही घरांत डॉक्टरलाही तिसरा महिना सरल्यावरच सांगतात.

ती नळी, म्हणजे न्यूरल ट्यूब, काय असते हे माहीत असेल तर सोनोग्राफीचा रिपोर्टही कळतो. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. करंजी भरल्यावर आपण पारीच्या कडा उचलून दाबत नेतो तशा. फरक एवढाच, की करंजी एका टोकाकडून दुसरीकडे मिटवतो आणि ही नळी मानेच्या भागात आधी जुळते, मग वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे मिटत जाते. वरचं तोंड मिटतं गर्भ राहिल्यापासून सुमारे २५ व्या दिवशी, खालचं २८ व्या दिवसापर्यंत. तेव्हा अख्खा गर्भ साबुदाण्याच्या दाण्याएवढा असतो. या नळीचा पुढे वरच्या बाजूला मेंदू होतो, खाली मज्जारज्जू, आणि तिच्याभोवती कवटी आणि मणके तयार होतात.

वरचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. त्याला ॲनेन्सेफली म्हणतात. असं बाळ पोटातच जातं किंवा जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत. त्याला उपाय नाही. कवटीच्या फटीतून मेंदूचा भाग पिशवीसारखा बाहेर आला तर तो एन्सेफॅलोसील. खाली उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे तुमच्या बाळाला होतं ते. त्यात मज्जारज्जू पाठीवर उघडा पडतो, त्याखालच्या नसा दुखावतात. पाय, लघवी, संडास, सगळ्यावर थोडा किंवा बराच परिणाम होतो. कणा जितका वर उघडा, तितका जास्त. डोक्यात पाणी का, असं तुम्हाला वाटलं असेल. पाठीतून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे मेंदूचा मागचा भाग खाली मानेकडे ओढला जातो आणि मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘लेमन साइन’ आणि ‘बनाना साइन’ असे शब्द असतील. कवटी पुढून लिंबासारखी दबलेली आणि छोटा मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो म्हणून ही नावं. लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ साली ती ठेवली. तेव्हापासून हा दोष पाठीपेक्षा डोक्याकडे बघूनच जास्त वेळा पकडला जातो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्या चार जणी घाबरतील. कंबरदुखीच्या एक्स-रेवर ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ असं लिहून आलेलं असतं. ती एका मणक्याच्या मागच्या कमानीतली बारीक फट असते, वर कातडी धड, आत नसा धड. शंभरातल्या दहा-बारा जणांना ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आपल्या देशात हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास न्यूरल ट्यूबचे दोष आढळतात. ज्या देशांनी पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं तिथे हे प्रमाण आपल्यापेक्षा बरंच कमी आहे. अमेरिकेत ही सक्ती जानेवारी १९९८ पासून आहे, १०० ग्रॅम पिठामागे १४० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे रेशनच्या तांदळात काही वर्षांपूर्वी लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली. ते पांढुरके दाणे “प्लास्टिकचे आहेत” म्हणून निवडून फेकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. फेकू नका, तांदळाच्याच पिठाचे असतात ते. पण त्यावर विसंबूही नका: किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे दिवसाला पावकिलो तांदूळ खाल्ला तरी ३२ च्या वर जात नाही. लागतात ४००.

या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच, जीवघेणा रक्तक्षय होत होता. तो कशाने होतो हे ती शोधत होती. यीस्टचा अर्क, ब्रिटिशांच्या ब्रेडवर लागतो तो मार्माइट, दिला की बायका सुधारतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’च म्हणत. पुढे १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. पेशीची एकाची दोन होताना डीएनएची नवी प्रत काढावी लागते, तिला फोलेट लागतं. ज्या दोन आठवड्यांत ती चपटी पट्टी उचलून जुळायची असते तेव्हा पेशी भराभर वाढत असतात. नेमकं तेव्हाच फोलेट अपुरं पडलं तर कडा गाठ पडायच्या आधीच थांबतात.

आता तुमच्या कामाचा अभ्यास. ज्या बायकांना आधी असं बाळ झालं होतं अशाच १,८१७ जणींवर सात देशांतल्या ३३ केंद्रांनी मिळून चाचणी केली. काहींना दिवस जायच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, काहींना नाही. १९९१ मध्ये ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण फरक इतका उघड होता की उरलेल्यांना गोळीवाचून ठेवणं बरोबर ठरलं नसतं. पुन्हा दोष आलेल्या २७ बाळांपैकी २१ गोळी न घेतलेल्या आयांची होती, ६ घेतलेल्या आयांची. म्हणजे धोका सत्तर टक्क्यांहून जास्त उतरला. त्या सहा जणींनीही गोळ्या घेतल्याच होत्या, हेही विसरू नका. काही दोष जनुकांमुळे येतात आणि गोळी त्यांना पोचत नाही.

पुन्हा होईल का, याचं उत्तर आकड्यात देते. एक बाळ असं झालं की पुढच्या वेळी तोच प्रकार होण्याची शक्यता १०० मध्ये २ ते ३. मोठ्या मात्रेची गोळी आधीपासून नीट घेतली तर ती एकाच्या खाली येते. ९९ वेळा काही होत नाही, हे तुमच्या सासूबाईंना जरूर सांगा.

या आकड्याला एक अट आहे. पहिल्या बाळाला निव्वळ न्यूरल ट्यूबचाच दोष होता ना, हे नक्की हवं. कधी कधी तो गुणसूत्रांच्या मोठ्या बिघाडाचा भाग असतो. कधी मेंदूची पिशवी, दोन्ही मूत्रपिंडांत फोड आणि सहा बोटं असा एकत्र प्रकार असतो. तो आई-वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो, आणि मग पुढच्या प्रत्येक वेळी शक्यता थेट चारात एक. तिथे फॉलिक ॲसिडचा डबा संपवला तरी उपयोग नाही, जनुकीय तपासणी लागते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं, म्हणून मी नात्याचं लग्न आहे का हे विचारतेच. तुमची मागची फाइल घेऊन जाताना सोनोग्राफीबरोबर बाळाचा तपासणी रिपोर्ट किंवा गुणसूत्रांचा रिपोर्ट असेल तर तोही न्या. पुष्कळ जोडपी ते कागद घरात नकोत म्हणून टाकून देतात. मन समजतं मला, पण ज्या लॅबने केला तिथून दुसरी प्रत मागून घ्या.

मात्रा. तुमच्यासाठी रोज ५ मिलिग्रॅम, प्रयत्न सुरू करायच्या आधी निदान एक महिना, माझ्या मते तीन, आणि दिवस गेल्यावर १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. प्रयत्न सुरू करेपर्यंत गर्भनिरोधक साधनं वापरा. बाराव्या आठवड्यानंतर साधी मात्रा. अभ्यासात ४ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते ती छोटी पिवळी गोळी ५ ची असते, म्हणून ५. मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या खाऊन हा आकडा गाठायचा नाही, त्यात जीवनसत्त्व अ जास्त होतं आणि ते गर्भाला घातक आहे. हल्ली ‘ॲक्टिव्ह’ फोलेटच्या महाग गोळ्यांचा प्रचार फार आहे. न्यूरल ट्यूबचे दोष कमी होतात हे ज्या गोळीवर सिद्ध झालं ती साधी, स्वस्त फॉलिक ॲसिडची. महाग घ्यायची असेल तर साडी घ्या.

पण गोळीच्या आधी एक रक्ततपासणी: बी-१२. याबाबत मी जरा आग्रही आहे आणि त्याला कारण पुणंच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या बायकांत फोलेटची कमतरता अगदी क्वचित होती. भाजी-भाकरी खाणाऱ्या बायका त्या, पालेभाजी पोटात जात होती. बी-१२ मात्र सुमारे दोन तृतीयांश जणींचं कमी निघालं. बी-१२ नसेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडतं, कामाला येत नाही. जोडीने चालणारी दोन बैलं समजा, एक बसला की दुसरा गाडी ओढू शकत नाही. शिवाय बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. आयर्लंडच्या अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या आयांच्या बाळांत न्यूरल ट्यूबचे दोष जास्त आढळले. लॅबच्या कागदावर २०० च्या वर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी दिवस जायच्या आधी मला ३०० च्या वर हवं असतं. शाकाहारी घर, पीसीओएससाठी मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली गोळी: यातलं एक जरी असलं तरी बी-१२ खाली गेलेलं असण्याची शक्यता धरा. तिन्ही असणाऱ्या मुली हिंजवडीच्या बसमधून रोज येतात.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण खाण्याने चारशे भरत नाहीत, आणि “मी पालक खाते” या वाक्याने गोळी टाळणाऱ्या खूप भेटतात. हरभरा, चवळी, मूग, मटकी, पालक, मेथी, सगळ्यांत फोलेट आहे. पण पालक उकडून पाणी ओतून दिलं की निम्म्याच्या आसपास त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. मंडईतून आणलेली जुडी चिरून मग धुतली तर तिथेही थोडं. आधी धुवा, मग चिरा, पाणी आमटीत घाला. आणि अन्नातलं फोलेट शरीरात पूर्ण शोषलं जात नाही, गोळीतलं जवळजवळ सगळं शोषलं जातं. खा सगळं, गोळीही घ्या.

औषधांचं मात्र नीट ऐका. मी प्रॅक्टिस सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. बँकेत काम करणारी एक मुलगी आठव्या आठवड्यात आली. सासू बरोबर होती. “काही औषधं चालू आहेत का?” तिने मान हलवली, नाही. मी पुढच्या रकान्याकडे गेले. विसाव्या आठवड्यात बाळाची पाठ उघडी दिसली. त्या संध्याकाळी ती एकटी परत आली आणि पर्समधून एक स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. लहानपणापासून फिट्सच्या गोळ्या. लग्न जमवताना सांगितलं नव्हतं, म्हणून सासरी लपून घेत होती, सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवून. गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएट. या औषधावर असताना दिवस गेले तर १०० मध्ये एक-दोन बाळांना स्पायना बायफिडा होतो, आणि इतर दोष वेगळेच. आधी कळलं असतं तर न्यूरॉलॉजिस्टने दुसरं औषध बसवून दिलं असतं. मी तिला एकटीला विचारलंच नव्हतं, ही चूक माझी. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक नव्या बाईबरोबर दोन मिनिटं दार बंद असतं. आई नको, सासू नको, नवराही नको. कुणी अशी गोळी घेत असेल तर हे वाचून ती उद्यापासून बंद करायची नाही. फिट येणं आई आणि बाळ दोघांनाही घातक. डॉक्टरकडे जा, बदलून घ्या, मग प्रयत्न करा. कार्बामॅझेपिन या फिट्सच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच, धोका कमी पण आहे. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दिवस जायच्या बरंच आधी ते थांबवावं लागतं.

तुमचं वजन आणि साखर मला माहीत नाही. दिवस जायच्या आधीपासून मधुमेह असेल आणि साखर चढी असेल तर हा दोष वाढतो. सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा निघणाऱ्या साखरेचा इथे संबंध नाही, तोवर नळी केव्हाच मिटलेली असते. म्हणून एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आधी करा, साडेसहाच्या आत आणा. वजन खूप जास्त असेल तरीही धोका वाढतो, गोळी घेऊनसुद्धा. पहिल्या दीड महिन्यात जोराचा ताप आला तर अंगावर काढू नका, पॅरासिटामॉल चालते. स्टीम बाथ, गरम पाण्याच्या टबात तासभर बसणं हे त्या दिवसांत नको.

पुढच्या वेळच्या तपासण्या. ११ ते १४ आठवड्यांमधल्या सोनोग्राफीत कवटी दिसते, म्हणजे ॲनेन्सेफली तिथेच बहुतेक कळते. पाठीसाठी तुमच्या बाबतीत मी १६ व्या आठवड्यात एकदा गर्भतज्ज्ञाकडून बघून घेईन आणि १८ ते २० दरम्यान नेहमीचा ॲनॉमली स्कॅन. १६ ते १८ आठवड्यांत आईच्या रक्तातलं अल्फाफीटोप्रोटीन हे बाळाकडून येणारं प्रथिन मोजता येतं. बाळाची पाठ उघडी असेल तर ते पाझरून आईच्या रक्तात वाढतं. जुळं असेल किंवा तारखा चुकल्या असतील तरीही वाढतं, म्हणून नुसत्या आकड्याने घाबरायचं नाही. इथे एक गैरसमज फार पसरलाय: “आम्ही वीस हजारांची एनआयपीटी केली, सगळं नॉर्मल आहे.” आईच्या रक्तावरची ती तपासणी गुणसूत्रं मोजते. उघडी पाठ तिला दिसत नाही. डबल मार्कर या रक्ततपासणीलाही दिसत नाही. सोनोग्राफीला पर्याय नाही.

ती सोनोग्राफी २२-२३ आठवड्यांपर्यंत ढकलू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, गर्भातल्या दोषासाठी २४ पर्यंत दोघांचं, आणि त्यापुढे गंभीर दोष असेल तरी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. आधी कळलं तर विचार करायला, दुसरं मत घ्यायला दिवस मिळतात. बाळ ठेवायचं ठरवणारीही जोडपी असतात आणि त्यांनाही ते दिवस हवे असतात: कुठे बाळंत व्हायचं, बाळाची पाठ दोन-तीन दिवसांत शिवणारा सर्जन कोण, डोक्यातल्या पाण्याला शंट, म्हणजे ते काढून देणारी बारीक नळी, लागेल का. पोटात असतानाच पाठ शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत २६ आठवड्यांच्या आत ती केलेल्या बाळांना शंटची गरज निम्म्यावर आली, पण दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याचा धोका वाढला. कमरेच्या खालच्या भागातला दोष असलेली मुलं पायात कॅलिपर लावून चालतात, शाळेत जातात, दर तीन-चार तासांनी स्वतः नळीने लघवी काढायला शिकतात. बुद्धी पुष्कळदा उत्तम असते. तुम्ही घेतलेल्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही, आणि जे उलट घेतात त्यांनाही नाही.

राहिली बहीण. मेमध्ये लग्न आहे तर तिने आत्तापासून घ्यावी, लग्नानंतर लगेच मूल नको असेल तरीसुद्धा. “नको होतं पण राहिलं” हे मी आठवड्यातून दोनदा ऐकते. तिने आधी स्वतःची फाइल तपासून घ्यावी: फिट्स नाहीत, मधुमेह नाही, तर तिला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरेत. सख्ख्या बहिणीला असं झालं म्हणून तिचा धोका थोडा वाढतो, तेवढ्यासाठी डॉक्टरशी बोलून मात्रा ठरवावी. सरकारी यादीतही हीच मात्रा आहे: दिवस जायच्या आधीपासून पहिले तीन महिने रोज ४००. ही छोटी मात्रा सगळ्या मेडिकलमध्ये नसते, मागवून घ्यावी लागते. लक्ष्मी रोडवर बस्ता बांधायला जाल त्याच दिवशी ऑर्डर देऊन या. कोपऱ्यावरचा ओळखीचा मेडिकलवाला “काय, गोड बातमी का?” असं विचारेल म्हणून मुली लाजतात आणि गोळी राहून जाते. तिला म्हणावं, दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात जा, किंवा सरळ सांग, “नाही काका, अजून अक्षताही पडल्या नाहीत.”